पोट उघडे ठेवले म्हणजे शस्त्रक्रिया फसली नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अपघातातल्या रुग्णाला पोट न शिवताच आयसीयूत आणले की नातेवाइकांचा धीर सुटतो. चादरीखाली प्लॅस्टिकचे पारदर्शक आवरण, त्यातून निघालेली सक्शनची नळी. ‘अर्धवट सोडले’, ‘मुंबईला हलवूया’ अशी कुजबुज लगेच सुरू होते. इस्पितळात शस्त्रक्रिया करण्यात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस म्हणून त्यावर चार शब्द.

ड्युओडेनमच्या जखमेचे उदाहरण घ्या. ड्युओडेनम हा जठरापुढचा आतड्याचा जेमतेम २५ सेंटिमीटरचा तुकडा. स्वादुपिंडाला विळखा घालून तो बराचसा पोटाच्या मागल्या भिंतीला चिकटलेला असतो. स्कूटरचे हँडल किंवा गाडीचे स्टीअरिंग पोटावर आदळले की तो कण्यावर चेपला जातो, कधी फाटतो. वरून नुसता वळ दिसतो. पोट सुरुवातीला मऊच लागते, म्हणून निदान हुकते. आणि जागाही वाईट: पित्त, आम्ल, स्वादुपिंडाचा रस, सगळे तिथूनच वाहते. टाका सुटला तर हे रस आसपासचे मांस पचवू लागतात.

रक्तदाब कोसळलेला, अंग गार, रक्त आम्लधर्मी आणि गोठेनासे झालेले. अशा रुग्णावर तासन्‌तास जोडाजोड केली तर टाके सुरेख पडतील, माणूस टेबलावरच जाईल. म्हणून सर्जन आधी रक्तस्राव थांबवतो, गळती आवरतो, लागल्यास कापडी घड्या (पॅक) दाबून ठेवतो आणि पोट न शिवता, नुसते झाकून बाहेर पडतो. मग आयसीयूत ऊब, रक्त, प्लाझ्मा. रुग्ण सावरला की साधारण २४ ते ४८ तासांनी पुन्हा टेबलावर. फिलाडेल्फियाच्या सर्जनांनी १९९३ साली या पद्धतीला ‘डॅमेज कंट्रोल’ म्हटले. आज ती जगभर रुळलेली आहे. दुसऱ्या खेपेलाही साधी शिवण आणि ड्रेन (स्राव बाहेर काढणारी नळी) यांवर भागत असेल तर तेच बरे. जठराची वाट बंद करून अन्न दुसरीकडून वळवण्याची जुनी हौस आता बरीच ओसरली आहे, आणि ओसरली ते बरेच झाले.

काणकोण वा वाळपईच्या जखमीला बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) गाठायला वेळ लागतोच. जिथे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्त हाताशी आहे, तिथे पहिला टप्पा उरकून मगच १०८ रुग्णवाहिकेतून गोमेकॉत पाठवण्याची मुभा आणि पाठबळ जिल्हा इस्पितळांतल्या डॉक्टरांना हवे. आरोग्य खात्याने आयसीयूबाहेर मराठी-कोकणीत एक साधे पत्रकही लावावे. आणि दुचाकीवरून पडलेल्यांनी हँडल पोटाला लागले असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता ते सांगावे, पोट दुखत नसले तरी.

आपला,
एक निवृत्त सर्जन, फोंडा