'पेनसाठी उत्तम' म्हणून विकलेल्या स्क्रीन प्रोटेक्टरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

मी सदाशिव पेठ, पुणे येथे राहते आणि शाळकरी मुलांचे सुलेखनाचे वर्ग ऑनलाइन घेते. पेनने लिहिता येणाऱ्या माझ्या टॅबलेटसाठी मी तपकीर गल्लीतील एका दुकानातून आपल्या कंपनीची 0.33 मिलिमीटर जाडीची, पडद्यावर लावायची टेम्पर्ड (तापवून मजबूत केलेली) काच घेतली, कारण पाकिटावर 'पेनसाठी उत्तम' असे ठळक अक्षरांत छापले होते.

पहिल्याच वर्गात 'अंगण' लिहून दाखवताना मी टेकवलेला अनुस्वार 'अ'च्या डोक्यावर न दिसता केसभर बाजूला दिसला. आपल्या काचेला फक्त कडांनाच गोंद असल्याने तिच्या आणि पडद्याच्या मध्ये हवेची फट राहते. पेनचे टोक वरच्या काचेवर आणि पडद्यावर उमटणारी रेघ तिच्या खाली, त्यामुळे मान जराशी हलली तरी दोन्हींमधले अंतर बदलते आणि पेन आणि पडद्याची जुळणी (कॅलिब्रेशन) कितीही वेळा केली तरी ते जात नाही. शिवाय त्या गुळगुळीत काचेवर पेनची निब, म्हणजे त्याचे बदलता येणारे प्लॅस्टिकचे टोक, घसरते. ज्या मुलांना मी वळण शिकवते, त्यांच्यासमोर माझीच वेलांटी निसटावी, याचे मला फार वाईट वाटले.

तक्रार केल्यावर आपण काच परत न घेता कागदासारखी खरखरीत फिल्म पाठवली. तिच्यावर हात स्थिर राहतो, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. परंतु तीन आठवड्यांत निबेचे गोल टोक एका बाजूने तिरके झिजले, दुसरी निबही त्याच वाटेवर आहे, आणि पांढऱ्या पानावर बारीक रवाळ चमक दिसते ती वेगळीच. निबा झिजतात याचा पाकिटावर अवाक्षरही उल्लेख नाही.

'प्रोटेक्टर नसेल तर पेनने चरे पडतील' असे आपल्या प्रतिनिधीने मला फोनवर सांगितले, तेही योग्य नाही. प्लॅस्टिकची निब काचेपेक्षा मऊ असते. चरे पडतात ते वाळूच्या कणांनी, कारण त्यांतील क्वार्ट्झ काचेहून कठीण असते. दुचाकीवरून पिशवीत टॅबलेट नेणाऱ्याला प्रोटेक्टर जरूर उपयोगी पडेल, पण घरच्या टेबलावर लिहिणाऱ्या मला तो या भीतीपोटी घ्यायला लावणे अन्यायाचे आहे.

तरी काचेची पूर्ण रक्कम आणि दोन निबांची किंमत मला 15 दिवसांत परत मिळावी, तसेच पाकिटावरील मजकूर दुरुस्त करून त्यात हवेची फट आणि निबांची झीज स्पष्ट नमूद करावी, ही विनंती. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येत असल्याने मी पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत: पावतीची प्रत, झिजलेल्या निबांची छायाचित्रे