फ्लूचा एक रकाना पुरेसा नाही : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

सविनय नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की आपले आरोग्य खाते मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, गॅस्ट्रो यांच्या रुग्णसंख्येचा तक्ता प्रसिद्ध करते. त्यात एच१एन१चाही (म्हणजे स्वाइन फ्लूचाही) रकाना असतो. परळमध्ये अनेक वर्षे दवाखाना चालवलेल्या माझ्यासारख्या डॉक्टरला हा रकाना नेहमीच खटकत आला आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फ्लूची चाचणी दाखल कराव्या लागणाऱ्या रुग्णाची करायची असते, सौम्य तापखोकल्याची नाही. उपचारांपुरते ते योग्यच आहे. पण मग वर्तमानपत्रांत फ्लूची बातमी आली की चाचण्या वाढतात, आणि चाचण्यांबरोबर आकडाही वाढतो. शिवाय एच१एन१ हा फ्लूचा केवळ एक प्रकार. मार्च २०२३मध्ये एच३एन२ची चर्चा सुरू झाली तेव्हा तो अनेकांना नवा विषाणू वाटला. वास्तविक तो १९६८पासून माणसांत आहे. इन्फ्लुएंझा बी हा फ्लूचा आणखी एक प्रकार तर कोणाच्या गावीही नसतो.

मृत्यूंचा हिशेब आणखी अवघड आहे. मधुमेह असलेल्या सत्तरीतल्या गृहस्थांना फ्लू होतो, आठदहा दिवसांनी न्यूमोनिया किंवा हृदयविकाराचा झटका येतो, तोवर नाकातला विषाणू बहुधा नाहीसा झालेला असतो, आणि मृत्यूच्या दाखल्यावर फ्लूचा उल्लेखही येत नाही. जून १९१८मध्ये गोदीच्या बाजूने मुंबईत शिरलेल्या साथीचे बळी तरी कोणी चाचणीने मोजले होते? माणसातला फ्लूचा विषाणू सापडला तो १९३३मध्ये. नेहमीपेक्षा जादा झालेल्या मृत्यूंवरूनच बळींचा अंदाज बांधावा लागला. ती रीत आजही चालते, मात्र तिला आठवड्याआठवड्याची, वयोगटवार मृत्युनोंद लागते. मुंबईत मृत्यूंची नोंद होतेच. ती या स्वरूपात खुली करावी.

माझी मुख्य विनंती मात्र जिवंत रुग्णांबाबत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या गंभीर श्वसनसंसर्गाच्या व्याख्येत गेल्या दहा दिवसांत सुरू झालेला ताप व खोकला आणि दाखल होण्याची गरज, एवढे तीनच निकष आहेत. दोन-तीन रुग्णालये निवडून, या व्याख्येत बसणाऱ्या रुग्णांपैकी ठरलेल्या दिवशी येणाऱ्या सर्वांचे स्वॅब, डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता, वर्षभर घ्यावेत. वर्षभर अशासाठी की आपल्याकडे पावसाळ्यातील लाटेखेरीज जानेवारी ते मार्चमध्येही फ्लू डोके वर काढतो.

खरी मेख भाजकात आहे. आपल्या मोठ्या रुग्णालयांत ठाणे, पालघर, रायगडहून रुग्ण येतात, आणि शेजारच्या चाळीतला माणूस खासगी नर्सिंग होममध्ये जातो. मग एकूण रुग्णांना कोणत्या लोकसंख्येने भागायचे? यासाठी एखाद्या प्रभागातील पुरेशा घरांत जाऊन, गेल्या वर्षी अशा आजाराने कोण, कुठे दाखल झाले, एवढेच विचारावे लागते. समजा, चार लाख वस्तीच्या प्रभागातले ४०० जण वर्षभरात निवडलेल्या रुग्णालयात दाखल झाले, त्यांतल्या दहा टक्क्यांना फ्लू निघाला, आणि प्रभागातले निम्मेच रुग्ण या रुग्णालयात येतात असे घरोघरच्या विचारणेत कळले, तर ४० नव्हे, ८० धरावे लागतील. म्हणजे लाखामागे २०. हा आकडा ढोबळ असेल, पण पुढच्या वर्षीच्या आकड्याशी त्याची तुलना करता येईल. तक्त्यातल्या रकान्याची तशी करता येत नाही.

हंगामी फ्लूने जगात दरवर्षी २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसे दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. फ्लूची लस सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. ती निदान वृद्धांना आणि गरोदर स्त्रियांना मोफत द्यावी का, हा प्रश्न आपल्यासमोर येईल तेव्हा अर्थखाते पहिल्यांदा लाखामागचा आकडाच मागेल.

स्वॅब घेणाऱ्यांचे प्रशिक्षण आणि घरोघरची विचारणा यांना दोन-तीन महिने सहज लागतील. पाऊस जूनमध्ये येतो, तेव्हा निर्णय फेब्रुवारीअखेर व्हावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त डॉक्टर, परळ