पुढचा कागद घ्यायच्या आधी तो मागतंय कोण ते बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंजिनिअरिंग डिप्लोमाचे निकाल लागले की आमच्या भागात घरोघरी एकच चर्चा, डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरला जायचं का नोकरी धरायची का पुण्याला जाऊन एखादा कोर्स करायचा, आणि या दिवसांत पेपरात कॉलेजांच्या पानपानभर जाहिराती असतात, पण शिफ्ट करत करत शिकणाऱ्या माणसाचं काय होतं ते कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, जमलं तर पूर्ण छापा.

मी मेकॅनिकल डिप्लोमावाला. २००४ ला साखर कारखान्यात लागलो आणि तेव्हापासून बॉयलर हाऊसलाच आहे. सुरुवात केली ती २१ किलो प्रेशरच्या जुन्या बॉयलरवर, आता को-जनच्या, म्हणजे कारखान्यातच वीज तयार करणाऱ्या प्लांटच्या, ८७ किलोच्या बॉयलरवर आहे. लागल्यावर दोन वर्षांतच कळलं की नुसत्या डिप्लोमावर पुढं सरकणं अवघड आहे, म्हणून २००६ ला एएमआयईला नाव नोंदवलं. नव्या पोरांना हे नावही माहीत नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० ची संस्था, मुख्य ऑफिस कोलकात्याला, तिच्या सेक्शन ए आणि सेक्शन बी अशा परीक्षा पास झालं की सरकार ते इंजिनिअरिंग डिग्रीच्या बरोबरीचं धरायचं. कॉलेज नाही, लेक्चर नाही, पुस्तकं आणायची आणि घरी बसून वाचायचं, घर चालवणाऱ्या माणसाला डिग्रीकडं जायचा तोच एक रस्ता होता. परीक्षा वर्षातून दोनदा, उन्हाळी आणि हिवाळी, त्यातली हिवाळी पडायची डिसेंबरात, म्हणजे ऐन ऊस गाळपाच्या हंगामात, तेव्हा रजा मागायची सोयच नाही, त्यामुळं मला वर्षाला एकच चान्स मिळायचा. तिसऱ्या शिफ्टला कंट्रोल रूममध्ये पुस्तक उघडायला पण मन घ्यायचं नाही, कारण समोर बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची लेव्हल असते आणि तिच्यावरची नजर काढून चालत नाही. असं करत २०१० ला सेक्शन ए संपलं.

मग दोन रस्ते समोर आले. सेक्शन बी पूर्ण करायचं नाहीतर बीओई द्यायची. बीओई म्हणजे बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर, ही परीक्षा आपल्याकडं बाष्पके संचालनालय घेतं. नियम असा आहे की हीटिंग सरफेस, म्हणजे आगीनं तापणारा पृष्ठभाग, १००० चौरस मीटरच्या वर असेल, एका बॉयलरचा असो नाहीतर सगळ्यांचा मिळून असो, तर त्यावर बीओई सर्टिफिकेटवाला माणूस इनचार्ज म्हणून असलाच पाहिजे, त्याशिवाय बॉयलर चालवता येत नाही. आज साखर कारखान्यांचे, पेपर मिलचे, पॉवर प्लांटचे बॉयलर बघा, बहुतेक या आकड्याच्या वरच आहेत. म्हणजे हा कागद कायदा मागतो, मालकाला आवडो ना आवडो त्याला तो माणूस ठेवावाच लागतो. १९२३ चा बॉयलरचा कायदा जाऊन आता २०२५ चा नवा आला तरी बॉयलर सर्टिफिकेटवाल्या माणसाच्याच हातात पाहिजे ही गोष्ट काही बदललेली नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण इथं चूक झाली तर माणसं जातात.

मी बीओई निवडली. दोन ऑफ सीझन अभ्यास केला, ओव्हरहॉलिंगला ट्यूबा उघड्या पडलेल्या असायच्या, सेफ्टी व्हॉल्व्ह खोलून टेबलावर ठेवलेले असायचे, पुस्तकात वाचलेलं दुसऱ्या दिवशी हातात घेऊन बघायला मिळायचं. लेखी झाली, मग तोंडी. तोंडीत मला विचारलं की गेज ग्लासमध्ये, म्हणजे बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत, पाणी दिसत नाही, काय करणार? मी म्हटलं आधी ग्लास ब्लो करून बघणार की पाणी खरंच खाली गेलंय का ग्लासच चोक आहे, आणि पाणी खरंच गेलं असेल तर फीडचं पाणी वाढवणार नाही, आधी बगॅस म्हणजे उसाचा चोथा आत सोडणारा फीडर बंद करून आग काढणार, कारण तापलेल्या ट्यूबांवर गार पाणी गेलं तर बॉयलरच जाईल. हे उत्तर मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं, कारखान्यातल्या एका जुन्या फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट मामांनी शिकवलं होतं, ज्यांचं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं. २०१२ ला पास झालो आणि पुढच्याच हंगामात पगारात फरक पडला, शिफ्ट इनचार्ज झालो. दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपन असतं, त्या वर्षी पूजेला आईला घेऊन गेलो होतो.

सेक्शन बीचे तीन पेपर मात्र राहिले ते राहिलेच. त्याची किंमत २०१९ ला कळली. डेप्युटी चीफ इंजिनिअरची जागा निघाली, कामाला मी, ट्यूब फुटली की रात्री दोन वाजता फोन मला, पण जाहिरातीत 'बीई मेकॅनिकल' एवढंच लिहिलं होतं, बीओईचा शब्दसुद्धा नव्हता. बाहेरून एक मुलगा आला, चांगला आहे, हुशार आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण त्याच्याकडं बीओई नव्हती, म्हणून कायद्याच्या रजिस्टरला नाव माझं आणि खुर्ची त्याची. ज्यांनी ती जाहिरात काढली त्यांना एवढंच विचारायचंय की कायदा ज्या माणसाला बॉयलरचा जबाबदार धरतो त्याला तुम्ही अर्ज करायलासुद्धा लायक का धरत नाही?

तरी मी बीओई घेतली याचं मला दुःख नाही, आणि डिग्री फालतू आहे असंही मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पुढचा कागद घ्यायच्या आधी तो मागतंय कोण ते बघा. कायदा मागतोय, मालक मागतोय, परदेशातलं सरकार मागतंय, का फक्त कोर्स विकणारा मागतोय. आणि दुसरं म्हणजे त्या कागदामागं उभं कोण आहे ते बघा. आमच्याच डिपार्टमेंटला एकजण होता, त्यानं एका परराज्यातल्या डीम्ड युनिव्हर्सिटीतून डिस्टन्सनं बीटेक केलं, फी भरली, परीक्षा दिल्या, मार्कशीट आली, प्रमोशनसुद्धा झालं. मग ३ नोव्हेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, चार डीम्ड युनिव्हर्सिट्यांनी एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्राच्या परिषदेची, परवानगी न घेता डिस्टन्सनं इंजिनिअरिंग चालवलेलं, २००१ ते २००५ ला प्रवेश घेतलेल्यांना एआयसीटीईची परीक्षा देऊन डिग्री वाचवायची संधी मिळाली आणि त्यानंतरच्या पोरांच्या डिग्र्या सरळ रद्द. तो २००७ चा. त्याची चूक काय, त्यानं कॉपी केली नव्हती, पैसे बुडवले नव्हते, फक्त प्रवेश घेताना एआयसीटीईची मान्यता आहे का ते बघितलं नाही, आणि बघायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंही नाही. आमच्या एएमआयईचं पण तसंच, ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच डिग्रीची बरोबरी राहिली, नंतर नोंदवणाऱ्यांसाठी तो दरवाजा बंद झाला, तरी त्यानंतरसुद्धा कितीतरी पोरं मला विचारायला यायची की दादा एएमआयई करू का.

मेहुणा कुवेतला आहे, त्याचं ऐका. चांगली रेग्युलर बीई, सरकारमान्य कॉलेज, तिथं दहा वर्षं इंजिनिअर म्हणून काम. २०१८ ला तिथल्या सरकारनं नियम काढला की इंजिनिअरच्या परमिटला कुवेत सोसायटी ऑफ इंजिनिअर्सची एनओसी लागेल, आणि त्या सोसायटीनं भारतातली एनबीए, म्हणजे कोर्सचा दर्जा तपासणारं नॅशनल बोर्ड, त्याची ॲक्रेडिटेड कॉलेजंच धरली. ह्याच्या कॉलेजला हा पास झाला तेव्हा एनबीए नव्हतं. काम तेच, साइट तीच, पण कागदावर इंजिनिअर राहायचं का दुसरं काहीतरी व्हायचं हा प्रश्न आला आणि त्यानं व्हिसावरचं पद बदलून घेतलं. म्हणून डायरेक्ट सेकंड इयरचे ऑप्शन भरताना कॉलेजची बिल्डिंग, बस, प्लेसमेंटचे फ्लेक्स बघू नका, आपल्या ब्रँचला एनबीए आहे का ते बघा, ते ब्रँचनुसार मिळतं, सगळ्या कॉलेजला एकदम नाही. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन अकॉर्डमध्ये, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मानायच्या देशादेशांतल्या करारात, आहे, पण त्याचा फायदा सगळ्या डिग्र्यांना मिळत नाही, एनबीएनं त्या पातळीला ॲक्रेडिट केलेल्या कोर्सलाच मिळतो.

आता आमच्या गल्लीतल्या एका पोराचं सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त वाईट त्याचं वाटतं. डिप्लोमा पास, वडलांनी सोनं गहाण ठेवून पुण्यातल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये ऐंशी हजार भरले, 'इंटरनॅशनल सर्टिफिकेट, गल्फमध्ये नोकरी' म्हणून. पंधरा दिवसांचा एनडीटी लेव्हल टू, म्हणजे वस्तू न तोडता तिच्यातले दोष तपासायचा कोर्स. एनडीटी हे काम वाईट नाही, आमच्याकडं ऑफ सीझनला ट्यूबांची जाडी अल्ट्रासॉनिकनं मोजायला येतात ती माणसं मी बघतो, हुशार असतात आणि चांगलं कमावतात. पण एसएनटी-टीसी-वन-ए या एनडीटीवाल्यांच्या सर्टिफिकेटच्या पद्धतीत सर्टिफिकेटची जबाबदारी मुळात एम्प्लॉयरची असते, ट्रेनिंग, अनुभवाचे तास आणि परीक्षा बघून कंपनी आपल्या माणसाला सर्टिफाय करते आणि कंपनी बदलली की नव्या कंपनीला ते परत करावं लागतं. अनुभवाचा एक तास नसलेल्या पोराच्या हातातला तो कागद बघून त्याला कोण वेल्डला हात लावू देणार? आता तो एमआयडीसीत हेल्पर आहे. हेच ऐंशी हजार राहिले असते आणि तो वर्षभर एखाद्या एनडीटी एजन्सीकडं कमी पगारावर राहिला असता तर आज त्याच्याकडं तास असते.

आयटीवाल्यांचं वेगळं आहे, त्यात मला फार कळत नाही, पण भाचा त्यात आहे. त्याची सीसीएनए ही नेटवर्किंगची परीक्षा तीन वर्षांत एक्स्पायर होते, परत द्यावी लागते नाहीतर रिन्यू करावी लागते, क्लाउडच्या सर्टिफिकेटांचं पण बहुतेक तसंच. तो म्हणतो फी कंपनी भरत असेल तरच देतो. मला ते पटतं.

घरचा प्रश्न यंदाच उभा आहे. पुतणी मेकॅनिकल डिप्लोमा झाली, ८१ टक्के. तिच्या वडलांचं म्हणणं जवळच्या कंपनीत लागू दे, दोन वर्षं काम करू दे, मग बघू. एरवी मीसुद्धा तेच म्हटलं असतं, मुलगा असता तर नक्कीच, कारण दोन वर्षं शॉप फ्लोअर बघितलेलं पोरगं डिग्रीला जास्त शिकतं असं माझं मत आहे. पण हिच्या बाबतीत मी भावाशी भांडलो. २०२४ पासून राज्य सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींची प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय, कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतला पाहिजे एवढंच, मॅनेजमेंट कोट्याला ती चालत नाही. आज ती सवलत आहे, दोन वर्षांनी नियम काय असतील कुणी सांगावं, आणि दोन वर्षांनी घरात लग्नाचा विषय निघणार नाही याची गॅरंटी भाऊ देईल का? म्हणून तिनं आत्ताच जावं. तिला एकच सांगितलंय, सेकंड इयरला गेल्या गेल्या एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, अंगावर येतो, बारावी करून आलेली पोरं इंटिग्रेशन लहानपणापासून करत असल्यासारखी करतात आणि डिप्लोमावाली तिथंच अडकतात, तर ॲडमिशन होईपर्यंतचे दोन महिने त्याचीच तयारी कर, मोबाईल बाजूला ठेव. आणि डिग्री झाली की बीओईला बस. बॉयलर हाऊसला मुली नकोत म्हणणारे आहेत, पण कायद्यात तसं काही लिहिलेलं नाही, आणि मला तिला तिथं बघायचंय.

शेवटी एक मागणी आहे, ती आपल्या पेपरमार्फत सरकारपर्यंत आणि आमच्या भागातल्या कॉलेजांपर्यंत पोचावी. एआयसीटीईनं २०२३-२४ पासून नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत डिग्री आणि डिप्लोमा चालवायला परवानगी दिलीय, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी वर्ग. चांगली गोष्ट आहे, खरी रेग्युलर डिग्री मिळते, डिस्टन्सचा घोळ नाही. पण ती योजना शहरातल्या जनरल शिफ्टच्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केल्यासारखी वाटते. आमची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, आणि गाळप सुरू झालं की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, आम्हाला शनिवार नाही नि रविवार नाही. उलट पट्टा पडला की एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत आम्ही जनरल शिफ्टला असतो, सीझनल कामगार तर रिटेन्शनवर, म्हणजे काम नसतानाच्या भत्त्यावर, घरीच बसतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत कारखाने किती, त्यातले कितीतरी साखरसम्राट इंजिनिअरिंग कॉलेजांचे पण चालक, एकाच संस्थेच्या आवारात कारखाना आणि कॉलेज अशी उदाहरणं आहेत. त्यांनी मनावर घेतलं आणि विद्यापीठांनी वेळापत्रक सोडवून दिलं तर जड विषय आणि प्रॅक्टिकल ऑफ सीझनला, हंगामात एखाददुसरा हलका विषय, अशी डिग्री चार वर्षांत का होऊ नये? प्रॅक्टिकलला तर आमच्याच कारखान्याचा टर्बाइन आहे, कॉलेजच्या लॅबमध्ये तेवढा मोठा कुठून येणार. मी ४२ वर्षांचा आहे, पहिल्या बॅचला पहिला अर्ज माझा असेल, आणि आमच्या एका शिफ्टमधूनच निदान पाच जण येतील, त्यांची नावं मी आजसुद्धा देऊ शकतो.

आपला,
एक शिफ्ट इनचार्ज, बॉयलर हाऊस
जि. सांगली