जुलैमधला नाताळ

लंडन, जुलै

ती. बाबा आणि ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, भर जुलैत नाताळचं काय काम काढलंयस? तेव्हा मीटिंगला पळायचं होतं, आता निवांत लिहिते.

नाताळात खपणाऱ्या पुस्तकांचं बरंचसं इथे उन्हाळ्यातच ठरून जातं. मोठ्या दुकानांचे खरेदीदार दर्शनी टेबलावर काय मांडायचं ते आतापासून बघायला लागतात, मासिकांचे डिसेंबरचे अंक कितीतरी आधी भरतात. म्हणून आम्ही प्रकाशनातली माणसं सणाची तारीख धरतो आणि तिथून मागे मोजत येतो: छपाई कधी, परीक्षणाच्या प्रती कधी, जाहिरात कधी. सण उजाडतो तेव्हा आमचं काम उरकलेलं असतं.

इथे नवी पुस्तकं बहुधा गुरुवारी येतात. ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी तर शेकडो पुस्तकं एकदम बाजारात उतरतात. त्या दिवसाला ‘सुपर थर्सडे’ म्हणतात. टीव्हीवरचे चेहरे, खेळाडूंची आत्मचरित्रं, जाडजूड पाककृतींची पुस्तकं, बरीचशी पुठ्ठा बांधणीची. घेणारा ती स्वतःसाठी घेत नाही, कुणाला तरी द्यायला घेतो. म्हणून मुखपृष्ठ, किंमत, मागचा मजकूर, सगळं त्या देणाऱ्याच्या नजरेतून बघावं लागतं.

जानेवारीत तेच टेबल बघावं. वजन उतरवा, पैसे साठवा, सवयी बदला, असं सांगणारी पुस्तकं! न खपलेल्या प्रती खोक्यांत भरून प्रकाशकाकडे परत, कारण दुकानं बराचसा माल परतीच्या बोलीवरच घेतात. ती खोकी बघून मला दरवर्षी वाईट वाटतं. त्यातली काही पुस्तकं खरंच चांगली असतात, फक्त गर्दीत सापडलेली.

मार्च मुलांचा. युनेस्कोचा पुस्तक दिन 23 एप्रिलला असतो, पण तेव्हा ईस्टरच्या सुट्टीची अडचण येते म्हणून ब्रिटनमध्ये तो मार्चच्या पहिल्या गुरुवारी करतात. मुलं आवडत्या पात्राचा वेश करून शाळेत जातात, प्रत्येकाला एका पौंडाचं कूपन मिळतं. इथला मातृदिन ईस्टरबरोबर सरकतो, तो दरवर्षी नव्याने बघावा लागतो.

तुम्ही म्हणता, पुस्तक चांगलं असेल तर केव्हाही खपेल. नावाजलेल्या लेखकाचं खपेलही. पण सध्या माझ्याकडे एका नव्या लेखिकेची पहिली कादंबरी आहे. फार मनापासून लिहिलीय तिने. ती ऑक्टोबरात काढायचं घाटत होतं. मी फेब्रुवारीसाठी हट्ट धरला. तेव्हा वर्तमानपत्रांत परीक्षणाला जागा असते, दुकानातल्या माणसांना वाचायला सवड असते, आणि त्यांना पुस्तक आवडलं तर ती स्वतःहून गिऱ्हाइकाच्या हातात देतात. नव्या लेखकाला यापरता आधार नाही. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात साध्या बांधणीची आवृत्ती निघेल, लोकांच्या सुट्टीच्या बॅगेत जाईल अशी. शेवटी सगळ्यांनी मान्य केलं.

सप्टेंबरात आगाऊ प्रती दुकानदारांकडे निघतील. प्रत्येकीत मी हाताने चार ओळी लिहून घालणार आहे.

आई, त्यामुळे मार्चपर्यंत रजा मागता येणार नाही. कादंबरी बाहेर पडली आणि शाळांचा गुरुवार पार पडला की मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येते. तिकीट काढलं की कळवते.

तुमची,
लेक