सलाइनमधले ‘क’ जीवनसत्त्व

महोदय,

‘क’ जीवनसत्त्वाच्या सलाइनने कर्करोग पळतो म्हणणारे आणि हे सगळे थोतांड म्हणणारे, दोघेही घाईच करतात. स्कॉटिश शल्यविशारद कॅमेरून आणि नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ पॉलिंग यांनी १९७६ मध्ये याचे फायदे मांडले; पुढे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या दोन्ही चाचण्यांत लाभ दिसला नाही. पण तिथे औषध तोंडावाटे दिले होते, आणि तसे ते रक्तात एका मर्यादेपलीकडे चढतच नाही. शिरेतून दिले की कितीतरी पट चढते. २०२४ मधील स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या चाचणीत केमोथेरपीच्या जोडीने ते दिल्यावर मध्यक जगण्याचा काळ (निम्मे रुग्ण किमान जितके जगले तो) सुमारे ८ वरून १६ महिन्यांवर गेला. रुग्ण मात्र अवघे ३४!

माझा आक्षेप ‘नैसर्गिक, निर्धोक’ या जाहिरातीला आहे. जी६पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी या मोठ्या डोसने फुटू शकतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर तेही धोक्यात. मधुमेहींचे तर विचारूच नका: बोट टोचून पाहायचे काही ग्लुकोमीटर या सलाइननंतर साखर खोटीच वाढलेली दाखवतात. त्या आकड्यावर विसंबून कुणी इन्सुलिन टोचले तर? सलाइन लावण्यापूर्वी जी६पीडी व मूत्रपिंडाच्या तपासण्या करणे आणि ग्लुकोमीटरबाबतची सूचना लेखी देणे बंधनकारक करावे. केमोथेरपी देणाऱ्या डॉक्टरांना अंधारात ठेवून तर ते देऊच नये.

– एक वाचक