चकली आणि हवालदार

प्रिय सुध्या,

फोनवर तू नुसता खिदळतोस म्हणून लिहून पाठवतोय, नीट वाच. तुझा मित्र टीव्हीवर हवालदार झाला. नरक चतुर्दशीला सकाळी लागलं होतं आमचं नाटक, तू अर्थातच झोपला असशील.

गोष्ट साधीच रे. सदाशिव पेठेतला वाडा, पहिल्या आंघोळीची पहाट, आणि आजीची मोहनमाळ गायब. बाकी सगळे न्हाणीघराबाहेर पंचे गुंडाळून रांगेत उभे असताना जावईबापूंनी कपाट उघडलेलं, त्यामुळे सगळ्यांच्या अंगाला उटण्याचा वास आणि यांच्या एकट्याच्या नाही, तरी म्हणतात कसे, आमची आंघोळ केव्हाच झाली. मग मी एकेकाला हुंगत फिरतो, आणि जावयाजवळ पोचलो की दरवेळी कोणीतरी फराळाचं ताट पुढे करतं की गेला वास.

शूटिंग भर श्रावणात, बाहेर धो धो पाऊस आणि आत आकाशकंदील. मला चकली खात जबाब घ्यायचा होता, आणि प्रत्येक टेकला ती तेवढीच उरलेली दिसायला पाहिजे, म्हणून एक पोरगी मोबाईलमधला फोटो बघून नव्या चकलीचे बरोब्बर दीड वेढे तोडून हातात द्यायची. अकरा टेक! तिसऱ्या दिवशी त्या चकल्या इतक्या मऊ पडल्या की कुरकुरीत आवाज नंतर वेगळा घातला म्हणे.

पण खरा वैताग पुढेच आहे. संहितेत पहिल्याच प्रवेशात माळ घेताना जावई दिसत होता. चॅनेलवाल्यांनी तोच प्रवेश उडवला, का तर सस्पेन्स पाहिजे. अरे, चोर कोण ते प्रेक्षकाला माहितीये आणि हवालदाराला नाही, गंमत तीच ना? बबन प्रभूंच्या फार्समध्ये कोण कुठे लपलंय ते थिएटरभर माहीत असायचं, फक्त स्टेजवरच्या त्या एकाला सोडून. आता मी नुसताच येड्यासारखा लोकांना हुंगतोय असं दिसतं. वर मागून हसण्याचा आवाज भरलाय, तोही भलत्याच जागी. आपण कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेला भरत नाट्य मंदिरात वाक्य टाकून हशा ओसरायची वाट बघायचो आठवतंय? इथे समोर कॅमेरामन, तो जांभई देतोय.

आणि पुणेकर! मी तोऱ्यात म्हणतो, "कलम ३८० लावीन!" तर शेजारचे रिटायर्ड जमादार काका आमच्याच सोफ्यावर बसून ओरडले, "अरे ३८० गेलं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आलीये, घरातली चोरी म्हणजे कलम ३०५!" पुढचं अख्खं नाटक आम्ही त्यांचं ऐकण्यात घालवलं. जावई पकडला गेला तेव्हा बाबा विचारतात, हा कोण?

आई मात्र एका जागी खरी हसली. आठव्यांदा हुंगताना मला शिंक येते तिथे. ती शिंक लिहिलेली नव्हती रे, उटणं नाकात गेलं होतं.

फराळाचा डबा कुरिअर केलाय. चकली सोडून सगळं आहे. आई तळत होती पण मला वास सुद्धा सहन होईना.

तुझाच,
बंड्या