अमेरिकेतली टिप आणि कार्डावर अडकलेले पैसे

संपादक महोदय,

मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या अनेक ज्येष्ठांची तक्रार असते की तिथल्या रेस्तराँने कार्डावरून दोनदा पैसे घेतले. बहुतेक वेळा ती फसवणूक नसते, पण हे त्यांना निघण्याआधी कुणी सांगत नाही.

आपल्याकडे पिन टाकला की रक्कम तिथेच पक्की होते. तिकडे अजूनही बऱ्याच ठिकाणी वेटर कार्ड घेऊन जातो आणि आधी नुसती मंजुरी घेतो. बँक तेवढी रक्कम अडवून ठेवते. मग आलेल्या पावतीवर आपण टिप व एकूण रक्कम लिहून सही करतो. टिपेचा आकडा मशीनमध्ये नंतर भरला जातो आणि पक्की रक्कम खात्यावर यायला दोन-तीन दिवस लागतात.

समजा, जेवण ६० डॉलर आणि कर ५.४० डॉलर. करापूर्वीच्या रकमेवर १८ टक्के टिप धरली तर १०.८०, म्हणजे एकूण ७६.२०. पहिला एसएमएस मात्र ६५.४० चा येतो. काही रेस्तराँ टिपेच्या अंदाजाने २० टक्के जास्त, म्हणजे ७८.४८ ची मंजुरी घेतात. पक्की रक्कम त्या मंजुरीशी जुळली नाही, तर दोन्ही आकडे काही दिवस एकदमच अडकतात. २०० डॉलर आधीच भरून नेलेल्या फॉरेक्स (परकीय चलनाच्या प्रीपेड) कार्डावर मग ४५.३२ च उरतात आणि पुढच्या दुकानात कार्ड नाकारले जाते. मंजुरीची मुदत संपली की पैसे मोकळे होतात. त्याचा एसएमएस बहुधा येतच नाही. म्हणून अशा ठिकाणी क्रेडिट कार्डच वापरावे. तिथे फक्त मर्यादा अडकते, खात्यातले पैसे नाही.

टिप मात्र टाळू नये. टिपवर काम करणाऱ्यांचे केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरच आहे. काही राज्यांत जास्त आहे, तरी १५ ते २० टक्क्यांची रीत सगळीकडे चालते. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सक्तीच्या सेवाशुल्काविरुद्ध दिलेला निकाल आपल्या हॉटेलांपुरता आहे, त्याचा दाखला तिकडे देऊ नये. सहा किंवा अधिक जण असतील तर टिप आधीच बिलात धरलेली असू शकते, तेवढे पाहून घ्यावे.

टिप रोख दिली तर पावतीवरच्या टिपेच्या ओळीवर रेघ मारावी. एकूण रकमेची जागा कधीही कोरी सोडू नये. आकडे आपल्या प्रतीवरही लिहावेत किंवा सही केलेल्या पावतीचा फोटो काढावा. पक्की रक्कम त्याहून जास्त लागली तर आधी रेस्तराँला फोन करावा, तिथे दाद लागली नाही तर फोटोसह बँकेकडे तक्रार करावी. व्यवहार 'पेंडिंग' दिसत असेपर्यंत बँक सहसा तक्रार घेत नाही.

— कार्ड विभागातील निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे